बलाढ्य रॉबर्टचा वंशवृक्ष कसा मांडावा

कागदाच्या माथ्यावर बलाढ्य रॉबर्ट लिहा. हा फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यातला फ्रँक सरदार ८६६मध्ये ब्रिसार्थच्या लढाईत पडला. त्याखाली दोन मुलगे, दोघेही पश्चिम फ्रँक राज्याचे (पुढच्या फ्रान्सचे) राजे: राजा ओदो (८८८–८९८) आणि राजा पहिला रॉबर्ट (९२२–९२३). पुढची रेघ पहिल्या रॉबर्टखालूनच ओढा. ओदोचा वंश चालला नाही.

पहिल्या रॉबर्टची मुलगी एम्मा. तिचा नवरा राऊल ९२३ ते ९३६ राजा होता, पण तो जावई, म्हणून त्याला आडव्या दुहेरी रेघेने जोडा.

खरा घोळ पहिल्या रॉबर्टच्या मुलापाशी होतो. महान ह्यू (मृत्यू ९५६) राज्यातला सर्वांत वजनदार सरदार, तरी राजा कधीच झाला नाही. त्याच्या नावावर मुकुट काढू नका. तो त्याच्या मुलाचा, ९८७मध्ये निवडून आलेल्या ह्यू कापेचा. दुसरा रॉबर्ट (९९६–१०३१) हा कापेचा मुलगा, म्हणजे पहिल्या रॉबर्टचा पणतू.

समासात ८९८–९२२ आणि ९३६–९८७ हे कॅरोलिंजियन (शार्लमेनच्या घराण्यातल्या) राजांचे पट्टे रंगवा, नाहीतर सत्ता सलग याच घराण्याकडे होती असे भासते.

ह्यू कापेच्या वंशाची थेट शाखा १३२८मध्ये संपते. पुढच्या फ्रेंच राजघराण्यांपैकी व्हाल्वा शाखा याच वंशातल्या राजा तिसऱ्या फिलिपच्या धाकट्या मुलापासून फोडा, बुर्बाँ शाखा राजा नवव्या लुईच्या मुलापासून.