कूलर चालतो, पण गारवा नाही? या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर गेला की दुरुस्तीच्या दुकानांत कूलरांची रांग लागते. त्यातल्या बऱ्याच कूलरांत बिघाड नसतोच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एसीसारखी दारं-खिडक्या लावून कूलर चालवणं. कूलर हवा गार करतो तो पाणी वाळवून, आणि पाणी वाळायला कोरडी हवा लागते. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असली, तर चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा फेकतो. तीच दमट हवा खोलीत कोंडली की थोड्या वेळात अंग चिकचिकतं. म्हणून कूलरची पाठ मोकळ्या हवेकडे हवी, आणि समोरचं दार किंवा खिडकी निदान कूलरच्या तोंडाएवढी उघडी हवी. तिथे उदबत्ती धरून बघा, धूर बाहेर गेला पाहिजे. मृगाचे ढग आल्यावर मात्र बाहेरचीच हवा दमट असते. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा लावावा.

टाकीत बर्फ टाकण्याची हौस फुकट जाते. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या साधारण सातपट एक लिटर पाणी वाळताना घेतं. ते पैसे कूलरच्या जाळ्यांत भरतात त्या गवताला लावा. जुनं गवत खाली दबतं, जाळीच्या वरच्या भागात चार बोटं फट पडते आणि तिथून गरम हवा सरळ आत येते. नवं गवत दर उन्हाळ्यात, विसविशीत पसरून भरा. ठासून भरलं तर हवाच अडते. एखादा पट्टा कोरडा राहत असेल तर वरच्या नळीची भोकं क्षारांनी बुजलीत, ती सुईने मोकळी करा. आधी दहा मिनिटं पंप, मग पंखा.

बोअरच्या पाण्याचा त्रास वेगळा. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात; रोज नुसती भर घातली की ते दाट होत जातात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण उपसून, घासून, वाळवा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. गवताऐवजी हनीकोंब पॅड (मधाच्या पोळ्यासारखे जाड कागदी पॅड) असतील आणि त्यांवर पांढरा थर आला असेल तर एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व या हिशेबाने पाणी करून अर्धा तास भिजवा आणि धुऊन घ्या. संडास धुण्याचं ॲसिड नको, त्याने पत्रा सडतो.

पंखा नुसताच गुणगुणतो? प्लग काढून पातं हाताने फिरवा. सहज फिरलं तर बहुधा कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला लागणारा छोटा डबा) गेलाय. जुन्यावर छापलेल्या आकड्याचाच नवा घ्या. अडकत असेल तर बुशला, म्हणजे मोटरचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्याला, तेल हवं. पंप वारंवार जळत असेल तर तो कोरडा चालतोय, म्हणजे टाकीतलं पाणी संपतंय किंवा पंपाची जाळी गाळाने भरलीय.

पत्र्याच्या कूलरला दोन पिनांचा प्लग लावणं, किंवा सॉकेटात बसत नाही म्हणून अर्थिंगची जाड पिन तोडणं, हे जिवावरचं काम आहे. अर्थिंग तपासून घ्या, आणि पाणी भरताना प्लग काढलेलाच असू द्या. नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायरिंग उलटं असलं तर बटण बंद असूनही आत करंट राहतो.