रातांबा म्हणा नाहीतर भिरंड

ब्लॉग सुरू केल्यावर पहिल्या दोन महिन्यांतच मी एक गाढवपणा करून ठेवला. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावातली झाडं, परसातल्या भाज्या आणि आजीचे पदार्थ असा माझा विषय. वाचक म्हणजे मावशी आणि दोन मैत्रिणी. कुणीतरी सांगितलं, इतर ब्लॉगर्सशी ओळखी वाढव. झालं! एका रात्रीत एकच मजकूर तीस जणांना चिकटवला: 'तुमचे प्रवासलेख फार आवडतात, माझाही ब्लॉग जरूर वाचा.' एकोणतीस जण गप्प. कुडाळकडच्या एका काकूंचं मात्र उत्तर आलं: "बाय, मी प्रवासावर एक ओळ लिहिलेली नाही. मी मासे रांधते."

दोन दिवस लाजेने फोन उघडला नाही. मग त्यांचं लिखाण पहिल्यापासून वाचायला बसले. खरं तर हे आधीच करायला हवं होतं.

नव्याने लिहू लागलेल्यांना आधी एक साधी गोष्ट सांगते. इन्स्टाग्रामवर अनोळखी माणसाचा मेसेज थेट समोर येत नाही, तो 'रिक्वेस्ट'मध्ये जाऊन पडतो. तिथे काय काय पडलेलं असतं ते स्वतःचंच उघडून बघा. त्यात तुमचा 'नमस्कार' कोण शोधणार? त्यापेक्षा पोस्टखाली, सगळ्यांसमोर बोला. पण 'मस्त', 'छान लिहिलंत' याला लिहिणारा तरी काय उत्तर देणार? हात जोडलेला इमोजी टाकतो नि विषय संपतो.

काकूंनी भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडून सोलं (साली) वाळत घातल्याचे फोटो टाकले होते. मी लिहिलं की आम्ही याला रातांबे म्हणतो. आमची आजी साली त्याच फळांच्या रसात भिजवून वाळवायची, पुन्हा भिजवायची, पुन्हा वाळवायची. तुमच्याकडे किती वेळा करतात? काकूंचं उत्तर माझ्या प्रश्नाच्या चौपट लांब. त्यात आगळाला, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाला, मीठ किती, बियांचं भिरंडेल (तेल) कसं काढतात, थंडीत टाचांना ते कसं चोळायचं, आणि शेवटी, "रातांबे म्हणजे काय गो? आमच्याकडे तेका भिरंडा म्हणतत." त्याखाली गोव्याच्या एकीने आपली रीत लिहिली. अलिबागकडचा एक मुलगा आला. त्या एका पोस्टखाली मला चार माणसं भेटली नि चौघंही अजून आहेत.

कोकणात हे सोपं जातं, कारण दर दोन खाड्या ओलांडल्या की वस्तूचं नाव बदलतं. रायगडात कोळंबी, सावंतवाडीकडे सुंगटां. 'तुमच्याकडे याला काय म्हणतात?' हा प्रश्न मी आजवर शंभरदा विचारला असेन आणि तो वाया गेल्याचं आठवत नाही. मात्र उत्तर खरंच हवं असेल तरच विचारा. उत्तर मिळालं की आपल्या पुढच्या लेखात सांगणाऱ्याचं नाव घ्या, त्यांना टॅग करा. आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत जात नाही, तसंच.

वेळकाळही बघावा लागतो. एप्रिल-मेमध्ये आंबेवाल्याला मेसेज टाकून उत्तराची वाट बघू नका, तो पेट्या भरत असतो. शिमग्यात पालखी घराघरात फिरत असते, गणपतीत तर विचारूच नका. पावसात वीज गेली की टॉवरही जातो. आठवडाभर उत्तर नाही म्हणून रुसणारी मंडळी मी पाहिली आहेत. बहुधा शहरातली.

'तू मला फॉलो कर, मी तुला' अशा एका व्हॉट्सॲप गटात मी पंधरा दिवस होते. आकडा वाढला, पण त्यातल्या एकाने रातांबा पाहिलाही नसेल. बाहेर पडले.

आता जी गोष्ट सांगायला मला अजूनही अवघड जाते ती सांगते. आमच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, एक कातळशिल्प आहे, दगडात कोरलेलं जुनं चित्र. उक्षी, कशेळी, बारसू ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेली. पण गावोगावच्या सड्यांवर अशी कितीतरी आहेत, ज्यांना ना कुंपण ना फलक. मी हौसेने फोटो टाकला आणि नकाशावरची नेमकी जागाही जोडली. अर्ध्या तासात एका अनोळखी माणसाचा खासगी मेसेज: फोटो सुंदर आहे, जागा तेवढी काढून टाका. जांभा दगड मऊ असतो, वर गाड्या चढतात, लोक रेषांमध्ये खडू भरतात. मला आधी राग आला. माझं गाव, माझा सडा, हे कोण सांगणार? मग आठवलं, शेजारच्या वाडीतला अर्धा सडा चिरेखाणीने खाल्ला तेव्हा मी काय केलं होतं? जागा काढली, आभार मानले.

हा माणूस सगळ्यांसमोर कमेंटमध्येही बोलू शकला असता, दोनशे लाइक मिळाले असते. तो खासगीत बोलला. तेव्हापासून कुणाची चूक दिसली तर मीही तसंच करते. आता कातळशिल्पावर काही लिहिलं की आधी त्यांना वाचायला पाठवते. ते पन्नास चुका काढतात, त्यातल्या तीस स्पेलिंगच्या.

आणि काकू? तीन वर्षांनी लेकीकडे जाताना त्या रत्नागिरीला उतरल्या. पिशवीत आगळाची बाटली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली सोलं. मी जेवायला सोलकढी केली होती. त्यांनी एक घोट घेतला, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पानावर फोटो आला: 'रातांबेवालीकडे जेवले. कढी बरी होती, पण मीठ चढ.' खालची पहिली कमेंट अर्थातच माझी. मीठ त्यांच्याच आगळातलं होतं.