विनाइल फ्लोअरिंगवरचा बांधकामाचा पांढरट थर कसा काढायचा

घरात काम झालं की टेक्स्चरवाल्या विनाइल प्लँकवर (लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या फरशीपट्ट्यांवर) कितीही पोछा मारा, वाळलं की परत पांढरट दिसतंच, कारण जिप्सम-सिमेंटची बारीक पूड त्या लाकडासारख्या रेघांत बसलेली असते आणि पाणी लागलं की तिचा लगदा होऊन अजून आत जातो. म्हणून आधी पाणी लावूच नका! झाडूही नको, धूळ उडते आणि ती फुफ्फुसांना खरंच वाईट, मास्क घालाच. हेपा फिल्टरवाला (अगदी बारीक धूळही अडवणारा) व्हॅक्यूम मऊ ब्रश लावून हळूहळू दोनदा फिरवा, फिरणारा रोलर मात्र बंद ठेवा, नाहीतर खडे घासून चरे पडतात.

मग दोन बादल्या घ्या, एकीत कोमट पाणी नि थोडं न्यूट्रल पीएच क्लीनर (आम्लही नाही, अल्कलीही नाही असं), दुसरीत कापड खळबळायला नुसतं साधं पाणी, मायक्रोफायबरचं कापड घट्ट पिळून रेघांच्या दिशेने पुसा, हट्टी जागी मऊ नायलॉन ब्रश. पाणी गढूळ झालं की लगेच बदला, इथेच बहुतेक जण कंटाळा करतात आणि तीच धूळ परत पसरवतात. ओलं आपोआप वाळू देऊ नका, कोरड्या कापडाने लगेच टिपून घ्या, थर राहायचं तेही एक कारण. स्टीम मॉप अजिबात नको, सांधे उचलले जातात.