देव न मानणाऱ्या मतदाराची निवडणूक : मतदार यादीपासून याचिकेपर्यंत

निवडणूक जवळ आली की देव किंवा धर्म न मानणाऱ्या माणसाला आपण कोणाच्याच हिशेबात नाही असे वाटू लागते. प्रचाराचा नारळ देवळासमोर फुटतो, जाहीरनाम्यात तीर्थक्षेत्रांच्या विकासाला मानाचे पान मिळते आणि घरोघरची मते समाजनिहाय मोजत फिरणारा कार्यकर्ता आपले घर आडनावावरून कोणत्या तरी रकान्यात टाकून पुढे जातो. २०११ च्या जनगणनेत स्वतःला निरीश्वरवादी म्हणवणारे देशभरात जेमतेम ३३ हजार निघाले. त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातले होते, पण एका विधानसभा मतदारसंघातील मतदारांपुढेही ही संख्या किरकोळच आहे. धर्म न सांगितलेल्यांची संख्या सुमारे २९ लाख होती, मात्र ते सगळे नास्तिक होते असे मानायला आधार नाही. म्हणून नास्तिकांची वेगळी मतपेढी उभारण्याच्या खटाटोपात शक्ती घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या देशाचा निवडणूक कायदा अशा मतदाराच्या बाजूने बरेच काही आधीच लिहून बसला आहे. ते वाचून वेळेवर वापरणे आणि श्रद्धावान शेजाऱ्यांना सोबत घेणे हेच खरे काम आहे. पुढील माहिती लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांपुरती आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांचे कायदे वेगळे आहेत.

यादी आणि कागदपत्रे

मतदार नोंदणीच्या नमुना ६ मध्ये धर्माचा रकानाच नाही. इंग्रजी अमदानीत १९०९ पासून धर्मानुसार विभक्त मतदारसंघ होते. तो इतिहास संपवण्यासाठी राज्यघटनेच्या कलम ३२५ ने प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण यादी ठेवली आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणाने कोणालाही यादीबाहेर ठेवण्यास मनाई केली. तेव्हा इथे वेगळे काही करायचे नाही. नाव आहे ना, एवढे निवडणुकीच्या पुरेसे आधी तपासावे.

इतर सरकारी कागदांवर धर्म विचारला गेला, तर मुंबई उच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१४ चा निकाल लक्षात ठेवावा. आपला कोणताही धर्म नाही असे म्हणण्याचा अधिकार सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात येतो आणि शासन कोणालाही धर्म सांगण्याची सक्ती करू शकत नाही, असे न्यायालयाने त्यात म्हटले आहे. हा निकाल राजपत्रात 'धर्म नाही' अशी नोंद नाकारल्याच्या प्रकरणातूनच आला. २०२७ च्या जनगणनेतही उत्तर आपल्या तोंडचे असावे, प्रगणकाच्या अंदाजाचे नसावे. त्याने काय नोंदवले ते वाचून दाखवायला सांगावे.

एक सावधगिरी मात्र हवी. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात हिंदू, शीख किंवा बौद्ध यांहून वेगळा धर्म मानणाऱ्याला त्या यादीतला समजत नाहीत. निरीश्वरवादी माणूस 'वेगळा धर्म' मानत नसतो, असा युक्तिवाद करता येतो, पण राखीव जागेवरून लढण्याचा विचार असेल तर कागदावरील नोंद बदलण्याआधी जाणकार वकिलाशी बोलावे. अनुसूचित जमातींना ही धर्माची अट लागू नाही.

उमेदवाराची शपथ

उमेदवारी अर्ज दाखल केल्यानंतर आणि छाननीच्या दिवसाआधी उमेदवाराला शपथ घ्यावी लागते. तिच्याशिवाय अर्ज टिकत नाही. घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतील मजकुरात दोन पर्याय आहेत : 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' आणि देवाचे नाव न घेता 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. दोन्ही कायद्याने तंतोतंत सारखे आहेत आणि कोणता निवडला याचे कारण द्यावे लागत नाही. निवडून आल्यावर सभागृहात पुन्हा हेच करावे लागते, आणि शपथ किंवा दृढकथन न करता सभागृहात बसल्यास दर दिवसाला पाचशे रुपये दंडाची तरतूद आहे.

एका मित्राचा सूचक, म्हणजे उमेदवार म्हणून त्याचे नाव सुचवणारा मतदार, म्हणून मी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात गेलो होतो. लिपिकाने पुढे केलेल्या छापील कागदावर 'दृढकथन' हा शब्द आधीच पेनाने खोडलेला होता. वाईट हेतू नव्हता. दिवसभर सगळे तेच निवडतात, म्हणून त्यांनी सकाळीच गठ्ठाभर कागद तसे करून ठेवले होते. मित्राने शांतपणे कोरी प्रत मागितली, लिपिकाने ती लगेच दिली, मित्राने 'ईश्वरसाक्ष' वर रेघ ओढली आणि सही केली. सही करण्याआधी कागद वाचा, हे सांगायला हा प्रसंग पुरेसा आहे. शपथ घेतल्याचे प्रमाणपत्रही तिथेच मागून घ्यावे.

या दोन पर्यायांमागे मोठी झुंज आहे. इंग्लंडमध्ये नॉर्दम्प्टनमधून १८८० साली निवडून आलेल्या चार्ल्स ब्रॅडलॉ यांना ते नास्तिक असल्यामुळे संसदेत बसू दिले नाही. मतदारांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिले, तेव्हा कुठे १८८६ मध्ये त्यांना जागा मिळाली आणि १८८८ मध्ये दृढकथनाचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८९ मध्ये, हेच ब्रॅडलॉ मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते. आपल्या संविधान सभेत ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' करावी अशी दुरुस्ती मांडली, तेव्हा १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. त्या सभागृहातले बहुतेक सदस्य स्वतः श्रद्धावान होते, हे मला त्या मतदानातले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

उमेदवाराला काय विचारावे

मत मागायला आलेल्याला 'तुम्ही देव मानता का' असे विचारू नये. त्याची श्रद्धा त्याची असते, आणि त्या प्रश्नाने दारातले संभाषण तिथेच संपते. विधानसभेच्या उमेदवाराला विचारावे : जादूटोणाविरोधी कायद्याखाली नेमायचे दक्षता अधिकारी आपल्या भागात कोण आहेत, त्यांच्याकडे किती तक्रारी आल्या, आणि निवडून आलात तर त्याचा पाठपुरावा कसा कराल? सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून लागू आहे. जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या कुटुंबासोबत तुम्ही पोलीस ठाण्यात याल का? लोकसभेच्या उमेदवाराला विशेष विवाह कायद्यातील तीस दिवसांच्या जाहीर नोटिशीविषयी विचारावे, कारण धार्मिक विधी नको असलेल्या जोडप्यांना, विशेषतः घरच्यांचा विरोध असलेल्यांना, ती नोटीस सर्वांत जाचते. उत्तर तारखेसह लिहून ठेवावे.

असे प्रश्न संख्येशिवायही तडीस जातात, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांनी जादूटोणाविरोधी कायद्यासाठी सुमारे १८ वर्षे सरकारे बदलत असताना प्रत्येक पक्षाच्या आमदारांचे उंबरे झिजवले. मसुदा अनेकदा बदलला. वारकऱ्यांच्या मनातील शंका लक्षात घेऊन कीर्तन, भजन, प्रवचन, यात्रा यांना कायदा लागू नाही असे त्यात स्पष्ट लिहिले गेले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉक्टरांची हत्या झाली, काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. श्रद्धा बाजूला ठेवून शोषणावर बोट ठेवल्यामुळेच श्रद्धावान आमदारांना त्या बाजूने हात वर करता आला. त्या कायद्यासाठी मोजलेली किंमत आठवली की आजही जीव तुटतो.

बेलभंडारा

मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत गाडी येते, पाकिटे वाटली जातात आणि नंतर तळहातावर बेलाचे पान व भंडारा ठेवून 'अमक्यालाच मत देईन' असे वदवून घेतात. आमच्या ओळखीच्या एक आजी अशा रात्रीनंतर सकाळी हात धुवायलाही तयार नव्हत्या. तळव्याच्या रेषांत पिवळा भंडारा तसाच होता. "पोरा, मन दुसरीकडं हाय, पण खंडोबा कोपंल रं," असे त्या म्हणाल्या. अशा वेळी देव आहे की नाही हा वाद काढणे मला निर्दयपणाचे वाटते. मी त्यांना एवढेच म्हणालो, "आजी, मत गुप्त असतं, कुणाला दिलं ते कुणीही विचारू शकत नाही. जबरदस्तीनं शपथ घालणाऱ्यानं कायदा मोडलाय, तुमची काही चूक नाही." त्या मतदानाला गेल्या. कोणाला मत दिले ते मी विचारले नाही.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(२) मध्ये हे अगदी नेमके लिहिले आहे : आपण दैवी कोपाला किंवा आध्यात्मिक निषेधाला पात्र ठरू, असे मतदाराला वाटायला लावणे हा गैरवाजवी प्रभाव आहे. उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा त्यांच्या संमतीने अन्य कोणी तसे केले तर ते भ्रष्ट आचरण ठरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ मध्येही असाच गुन्हा आहे. मतदानाच्या तोंडावर निघणाऱ्या फुकट देवदर्शनाच्या बसगाड्या लाचेच्या कलमात येऊ शकतात. ही माहिती वस्तीतल्या भजनी मंडळाला आणि बचतगटातल्या महिलांना सांगावी, कारण या सक्तीचा खरा जाच श्रद्धावानांनाच होतो.

तक्रार आणि याचिका

उमेदवार दर्शनाला गेला तर तो गुन्हा नाही. देवळाच्या सभामंडपात, मशिदीत, चर्चमध्ये किंवा मठात मते मागितली तर तो आदर्श आचारसंहितेचा भंग आहे, आणि १९८८ चा धार्मिक संस्था दुरुपयोग प्रतिबंध कायदाही अशा जागांचा राजकीय वापर मना करतो. आचारसंहिता लागू असताना निवडणूक आयोगाच्या 'सी-व्हिजिल' ॲपवरून जागेवरच छायाचित्र किंवा दोन मिनिटांपर्यंतची चित्रफीत पाठवता येते. अशा तक्रारीचा निपटारा १०० मिनिटांत करण्याचे उद्दिष्ट आहे आणि नाव न देताही ती करता येते. आपल्या पसंतीच्या उमेदवाराने हेच केले तरी तक्रार करावी. नाही तर आपल्या शब्दाला वजन राहत नाही.

धर्माच्या नावाने मत मागण्यावरील बंदी कलम १२३(३) मध्ये आहे. तिचा अर्थ ठरवणारे प्रकरण मुंबईच्या सांताक्रूझ मतदारसंघातले होते. निवडणूक १९९० ची आणि सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींचा निकाल २ जानेवारी २०१७ चा. उमेदवाराच्या धर्माप्रमाणेच मतदाराच्या धर्माच्या आधारे केलेले आवाहनही निषिद्ध आहे, असे चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरले. जात किंवा धर्म यांमुळे सोसलेल्या अन्यायाची चर्चाच यामुळे बंद पडू नये, ही अल्पमतातील न्यायमूर्तींची चिंता मला रास्त वाटते. म्हणून अन्यायाविषयीचे भाषण आणि धर्माच्या नावाने मतांची मागणी यांतला फरक ओळखूनच तक्रार करावी.

निकालानंतर ४५ दिवसांच्या आत मतदारसंघातला कोणताही मतदार उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करून विजयी उमेदवाराच्या निवडीला आव्हान देऊ शकतो. अनामत दोन हजार रुपये असते, वकिलाचा खर्च अर्थातच वेगळा. भ्रष्ट आचरणाचा आरोप असेल तर नमुना २५ मधील प्रतिज्ञापत्र जोडावे लागते, आणि कोण, कुठे, केव्हा, नेमके काय बोलले हे मोघम राहिले तर याचिका सुरुवातीलाच बाद होऊ शकते. म्हणून प्रचाराच्या पहिल्या दिवसापासून एक साधी वही ठेवावी आणि सभा संपल्याबरोबर तीत तारीख, वेळ, जागा, वक्त्याचे नाव, उमेदवार व्यासपीठावर हजर होता की नाही, आणि बोललेले वाक्य जसेच्या तसे उतरवावे, खाली त्या सभेला हजर असलेल्या दुसऱ्या एका माणसाची सही घ्यावी.