काइट बग्गी पहिल्यांदा चालवताय? आधी हे वाचा

बग्गी म्हणजे तीन चाकांची बुटकी गाडी, इंजिन नाही, ब्रेक नाही, पुढचं चाक पायांनी वळवायचं आणि ओढायला मोठा पतंग. न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी 1990 च्या सुमारास हिला लोकप्रिय केलं.

पण लगेच बग्गीत बसू नका प्लीज! आधी उभं राहून पतंग शिका, कारण आपल्या संक्रांतीच्या पतंगाला एक मांजा, इथे चार दोऱ्या, दोन ओढायच्या, दोन ब्रेकच्या म्हणजे पतंगाचा जोर कमी करायच्या, आणि ढील द्यायचा प्रकारच नाही. डोक्यावर असला की पतंग शांत, खाली, वारा जिकडे वाहतो तिकडे आणला की जोरात खेचतो, हे हातात मुरायला हवं.

मग ओहोटीच्या कडक वाळूवर, डेन्मार्कच्या फानो बेटासारख्या रुंद किनाऱ्यावर, बग्गी वाऱ्याला आडवी लावा, पतंग डोक्यावरून हळूच जायच्या बाजूला खाली आणा, चाकं फिरायला लागतात. थांबायचं तर पतंग परत डोक्यावर आणि बग्गी वारा येतो त्या बाजूला वळवा, हे कमी वेगात वीसेक वेळा तरी करा.

हेल्मेट हवंच. मनगटाला सेफ्टी पट्टे बांधा म्हणजे हँडल सोडलं की ब्रेकच्या दोऱ्या ताणून पतंगाचा जोर जातो.