डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना एक कागद सोबत न्या
पंचवटीत पंचवीस वर्षं मी ब्लाउज शिवते. दोन हिवाळ्यांपूर्वी सुईत दोरा ओवताना डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं. गोदाकाठचा गार वारा लागला की डोळे गळायचे. त्यामुळे डॉक्टर ‘डोळे कोरडे आहेत’ म्हणाले तेव्हा माझा विश्वासच बसेना. पण ते खरं होतं. अश्रूंचा पातळ थर टिकला नाही की डोळा चुरचुरतो आणि मग एकदम पाणी सोडतो. ते पाणी गालावर ओघळतं, बुबुळावर ठरत नाही.

थेंब मिळाले, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. त्याच दिवसांत भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरेना, दोन दाढा किडल्या, सकाळी बोटं अशी आखडायची की तासभर कात्री धरवत नसे. दाढा दातांच्या डॉक्टरांना दाखवल्या, बोटं हाडांच्या. डोळ्यांच्या डॉक्टरांना यातलं काहीच बोलले नाही, कारण त्याचा डोळ्यांशी काय संबंध? यात दीड वर्ष गेलं. मग एका डॉक्टरांनी सहज विचारलं, “तोंड कोरडं पडतं का?” तिथून शोग्रेन या आजाराचं निदान झालं. यात रोगप्रतिकारशक्ती आपल्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. १९३३ साली याचं सविस्तर वर्णन करणारे स्वीडनचे हेन्रिक शोग्रेन डोळ्यांचेच डॉक्टर होते.

प्रत्येकाला हाच आजार असतो असं मुळीच नाही. पुष्कळांचं कारण मोबाईल, पंख्याचा थेट झोत किंवा पाळी जाण्याचा काळ एवढंच असतं. पण जाण्याआधी तक्रारींचा कागद लिहाच. तोंड, त्वचा, सांधे, थकवा, सगळं, आणि कधीपासून तेही. मधुमेह, थायरॉईड, आमवात असेल तर वर ठळक लिहा. तिन्हींत डोळे कोरडे पडू शकतात. चालू गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाका. सर्दी-ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, मुरुमांच्या काही गोळ्यांनीही डोळे कोरडे पडतात. मात्र स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

तपासणीला घाबरू नका. खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी पाच मिनिटं ठेवतात आणि ती किती भिजली ते मोजतात. माझी पाच मिलिमीटरही भिजली नव्हती. गरज वाटली तर पुढे रक्ततपासणी आणि संधिवाततज्ज्ञ.

घरी शेक द्यायचा तो असा. स्वच्छ सुती रुमाल कोमट पाण्यात पिळा, आधी मनगटावर लावून बघा, मग मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. तो दोन मिनिटांत गार होतो, म्हणून पातेलं जवळच ठेवून आठ-दहा मिनिटं बदलत राहा. नंतर वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, हलक्या बोटाने. पापण्यांच्या कडेला तेलाच्या ग्रंथी असतात. ते तेल अश्रू उडून जाऊ देत नाही. ते थिजलं असेल तर शेकाने मोकळं होतं.

थेंब एकच पुरे, दुसरा बाहेरच सांडतो. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह (थेंब टिकावेत म्हणून घातलेलं रसायन) नसलेले मागा. शेजारणीने सांगितलं म्हणून मध, गुलाबपाणी घालू नका. मेडिकलवाल्याकडून स्टेरॉईडचे थेंब तर मुळीच नकोत, त्याने काचबिंदू होऊ शकतो.

मी आता प्रत्येक हूक लावून झाला की डोळे पूर्ण मिटते, कारण बारीक कामात पापणी लवायचीच राहते. दुकानातला पंखा पाठीमागे घेतला. स्कूटरवर नाशिकच्या द्वारका चौकातल्या धुळीतून जाताना चष्मा असतोच.

नजर अचानक कमी झाली, डोळा खूप दुखला किंवा उजेड सोसेना, तर कागदबिगद राहू द्या, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि शोग्रेन असेल, कानाखाली आलेली सूज उतरत नसेल, तर तेही डॉक्टरांना लगेच दाखवा.