गव्हातल्या पिवळ्या दात्यांचा शोध

आमचं रान इंदापूर तालुक्यात, नीरेच्या अंगाला. खाली काळी, वर मुरमाड. माती परीक्षणावरून नकाशा केला: मुरमाडीला युरिया जास्त, काळीला कमी. ट्रॅक्टरमागचा स्प्रेडर (खत फेकणारं यंत्र) जीपीएसवर आपोआप मात्रा बदलतो.

पण गव्हाला युरिया पडल्यावर मुरमाडीच्या कडेला करवतीसारखे पिवळे दाते दिसले, एका पट्ट्याआड एक. नकाशा सरकला असता तर सगळ्या पट्ट्या एकाच बाजूला सरकल्या असत्या. इथं जाताना एकीकडे, येताना दुसरीकडे! म्हणजे मात्रा हद्दीच्या आधीच बदलत होती.

अँटेना ट्रॅक्टरच्या छतावर, खत पडतं बरंच मागं. टेपनं मोजलं, सहा मीटर. कंट्रोलरमध्ये (मात्रा ठरवणाऱ्या डब्यात) हे अंतर शून्य. वर स्प्रेडरची झडप हलायला दोन सेकंद (मोबाईलवर व्हिडिओ काढून पाहिलं). ताशी ६ किमी वेगानं दोन सेकंदांत ३.३ मीटर जातात. खत मागं पडतं म्हणून मात्रा लवकर बदलते, झडपेमुळे उशिरा; दोन्ही एकमेकांना बरेच सावरतात; तरी अडीच-तीन मीटर फरक उरतोच, शिवाय वेग बदलला की गणित बिघडतं.

दोन्ही आकडे भरले. वेग मात्र एकसारखा ठेवा, चालकाला हे बजावून सांगावं लागतं. युरियाच्या पुढच्या हप्त्याला कडा सरळ आली.